खेळाच्या मैदानाची माती मोकळी कशी करायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली-मिरजेच्या कृष्णाकाठापासून कराड, कोरेगाव आणि पार माणदेशापर्यंतच्या शाळा, मंडळं आणि क्रिकेट-फुटबॉलच्या क्लबांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आपल्याकडचं बहुतेक मैदान म्हणजे काळी किंवा मुरमाड माती आणि तिच्यावर आपोआप आलेली किंवा मुद्दाम लावलेली हरळी. उत्तरं त्याच मैदानाला धरून दिली आहेत. मुख्य उपाय एकच: दात्यांच्या अवजाराने मातीत भोकं पाडून हवा-पाण्याला वाट करून देणं.

१. “माती घट्ट झाली” म्हणजे नेमकं काय होतं? गवत तर वरून हिरवं दिसतंय.

चांगल्या मातीत साधारण निम्मी जागा मातीच्या कणांची आणि निम्मी पोकळ असते. या पोकळीत थोडं पाणी, थोडी हवा. पायांच्या वजनाने आधी मोठ्या पोकळ्या चेपतात, आणि हवा खेळायची ती त्यांतूनच. पाणीही त्यांतूनच खाली उतरतं. त्या बंद झाल्या की पाऊस वर तुंबतो, मुळं गुदमरतात आणि वरच्या दोन बोटांत गोळा होतात.

एका फुटबॉलच्या मैदानावर गोलसमोरचा फावडंभर तुकडा आम्ही कापून उलटा केला होता. वरच्या दोन बोटांत पांढरी मुळं गच्च होती. त्याखाली वीटेसारखा गुळगुळीत थर, त्यात एकही मूळ नाही. त्याच्याही खाली माती निळसर करडी, आणि नाकाशी धरली तर सडक्या अंड्यासारखा वास. हवा न मिळालेल्या मातीचा वास तो. त्याच मैदानाच्या कुंपणालगतचा तुकडा कापला तर मुळं वीतभर खाली गेलेली आणि माती हातात भुसभुशीत. गवत एकच, पाऊस एकच, देखभाल करणारी माणसंही तीच. फरक फक्त पायांच्या वर्दळीचा.

२. यंत्र नसताना घट्टपणा कसा तपासायचा?

आठ मिलिमीटरची लोखंडी सळई घ्या, टोक घासून निमुळतं करा आणि माती वाफशावर, म्हणजे कामाला योग्य एवढीच ओल असताना (प्रश्न ४) हाताच्या जोराने खुपसा. कुंपणालगत ती सरळ आत जाते. मैदानाच्या मध्यावर कुठे आणि किती खोलीवर अडते ते मोजा. पायांच्या वर्दळीने झालेला कडक थर बहुधा वरच्या पाच-आठ सेंटिमीटरमध्येच असतो. गाड्या आत येत असतील तर तो आणखी खाली सापडतो. वाळलेल्या काळ्या मातीत ही चाचणी करू नका, ती तशीही दगडच असते.

दुसरी चाचणी पाण्याची. सहा इंची पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा दोन इंच मातीत ठोका, आत आधी थोडं पाणी घालून माती भिजवा, मग एक लिटर पाणी ओता आणि ते मुरायला किती वेळ लागतो ते पहा. हीच गोष्ट कुंपणालगत करा. दोन वेळांमधला फरक मैदान समितीच्या बैठकीत सांगा. कितीही समजावून जे पटत नाही ते या दोन आकड्यांनी पटतं.

३. आम्ही रोज पाणी मारतो, रोलरही फिरवतो. तरी मैदान खराब का?

बहुतेक वेळा कारण तेच असतं. ओल्या मातीत पाणी वंगणासारखं काम करतं. वजन पडलं की कण एकमेकांवर सरकून घट्ट बसतात. कोरड्या मातीवर तोच रोलर फिरला तर एवढं नुकसान होत नाही. संध्याकाळी पाणी आणि सकाळी रोलर हा क्रम खेळपट्टीसाठी आहे, मैदानाच्या गवतासाठी नाही. मैदान पावसाळ्यात उंचसखल झालं असेल तर हलका रोलर एकदाच, तोही वाफशाच्या थोडं पुढे माती गेल्यावर.

बाकी कारणं सगळ्यांना माहीत आहेत: भर पावसातले सामने, परेडचा सराव, मांडव, सभा, भरतीची तयारी करणाऱ्या पोरांची रोजची धाव. शेवटच्या दोन गोष्टींबद्दल प्रश्न १८ आणि १९ पहा.

४. सगळीकडे “वाफशावर करा” म्हणता. मैदानाचा वाफसा ओळखायचा कसा?

या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. आपल्या आजोबांनी पेरणी कधी चुकीच्या ओलीवर केली नाही, पण त्याच गावात मैदानाचं काम मात्र सुट्टीचा वार पाहून होतं.

चार बोटं खालची मूठभर माती घ्या आणि लाडू वळा. हाताला चिकटली, लाडूवर चकाकी आली किंवा तळव्यांत घोळवून लांब बारीक वात झाली, तर अजून ओल जास्त आहे. लाडू वळलाच नाही तर कोरडी आहे. लाडू झाला आणि कमरेच्या उंचीवरून टाकल्यावर तीन-चार तुकड्यांत फुटला, की वाफसा आला. जास्त ओलीत भोकं पाडली तर भोकाच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात आणि त्यांतून ना मूळ जातं ना पाणी. कोरड्यात दाते आतच जात नाहीत.

काळ्या मातीत वाफशाचे दिवस थोडे असतात. मोठ्या पावसानंतर चांगली उघडीप मिळाली तरच येतात आणि ऊन कडक असेल तर दोन-तीन दिवसांत निघून जातात. म्हणून माणसं आणि अवजारं आधी तयार ठेवायची. मुरमाड जमिनीत वाफसा लवकर येतो आणि लवकर जातो.

५. भोकं पाडायला कोणतं अवजार चांगलं? पोकळ दात्यांचं की भरीव?

घट्ट काळ्या मातीला पोकळ. पोकळ दाता मातीची कांडी बाहेर काढतो, म्हणजे आत खरोखर जागा मोकळी होते. भरीव दाता माती बाजूला ढकलतो. पाणी उतरायला तात्पुरती वाट मिळते, पण भोकाच्या कडेची माती आणखी दाबली जाते. तरी हंगाम चालू असताना, मैदान बंद ठेवता येत नसेल तेव्हा, भरीव दात्याचं काम करावं, कारण त्याने पृष्ठभाग फारसा उखडत नाही. चार दात्यांचा बागेतला फोर्क असेल तर तो खुपसून किंचित मागे-पुढे हलवायचा, माती उचकटायची नाही. हलवल्यामुळे आजूबाजूला बारीक चिरा पडतात आणि फायदा वाढतो.

मोठी मैदानं ट्रॅक्टरवर चालणारं यंत्र भाड्याने आणतात. आणलंच तर टायरमधली हवा कमी ठेवायला सांगा आणि ओल जास्त असेल त्या दिवशी ट्रॅक्टर परत पाठवा. भाडं गेलं तरी चालेल.

६. पोकळ दात्यांचं अवजार गावात बनवता येतं का?

येतं. वेल्डिंगवाल्याकडून अर्ध्या इंची जीआय पाइपचे सहा इंचांचे दोन तुकडे घ्या आणि जाड पट्टीखाली चार इंचांच्या अंतराने जोडा. प्रत्येकाच्या एका अंगाला उभी खाच कापायची, म्हणजे मातीची कांडी तिथून बाहेर पडते. टोकाला बाहेरच्या बाजूने धार. वर कमरेपर्यंत दांडा आणि आडवी मूठ, पट्टीवर पाय ठेवून दाबायचं. खाच विसरली तर तिसऱ्या दाबाला पाइप मातीने गच्च भरतो आणि मग दर वेळी सळईने उकरत बसावं लागतं. शेजारी पाण्याची बादली ठेवा, मधूनमधून पाइप बुडवला की माती चिकटत नाही.

७. खिळ्यांचे बूट घालून चाललं तर?

उपयोग नाही. बारीक खिळा माती बाहेर काढत नाही, आणि सगळं वजन त्याच जागेवर पडतं.

८. भोकं किती खोल, किती अंतरावर? एकूण काम किती होईल?

खोली दहा सेंटिमीटर, कारण कडक थर ओलांडून खाली गेल्याशिवाय फायदा नाही. दर वेळी अगदी त्याच खोलीला थांबलात तर काही वर्षांनी तिथेच नवा कडक थर बसतो, म्हणून एखाद्या वेळी थोडं अधिक खोल जा.

अंतराचा हिशोब नीट पहा. दहा-दहा सेंटिमीटरवर भोकं पाडली तर एका चौरस मीटरला १०० भोकं होतात. दाता १५ मिलिमीटरचा असेल तर एवढ्याने पृष्ठभागाचा दोन टक्क्यांहूनही कमी भाग मोकळा होतो. पाच-पाच सेंटिमीटरवर पाडली तर ४०० भोकं आणि साधारण सात टक्के. “एकदा भोकं पाडली, फरक पडला नाही” असं लिहिणाऱ्यांनी किती अंतरावर पाडली होती ते आठवून पहावं. विरळ भोकांनी मैदान बदलत नाही.

हाताने सगळं मैदान करायला जाऊ नका. गोलसमोरची दहा बाय सहा मीटरची जागा घ्या. दोन दात्यांच्या अवजाराने चौरस मीटरला १०० भोकं म्हणजे ५० दाब, एकूण ३,००० दाब. चार पोरांनी आळीपाळीने केलं तर दोन सकाळींचं काम. मग दुसरा गोल, मग मधलं वर्तुळ. जिथे जास्त खेळ, तिथे आधी. आणि सुरुवातीआधी पाण्याचे पाइप, स्प्रिंकलरची तोंडं आणि विजेची केबल कुठून गेली आहे तिथे झेंडे लावा.

९. भोकांत वाळू भरायची का? कुठली आणि किती?

भरायची, पण फक्त भोकांत. काळ्या मातीत थोडी वाळू मिसळली की माती हलकी होते हा समज फार पसरला आहे. होतं उलटं: चिकण कण वाळूच्या कणांमधल्या फटीत जाऊन बसतात आणि वाळल्यावर विटेचा तुकडा तयार होतो. भोकांत उभी भरलेली वाळू मात्र चिमणीसारखी काम करते, पाणी खाली नेते आणि भोक बुजू देत नाही.

वाळू मध्यम, धुतलेली, माती नसलेली. मूठभर काचेच्या ग्लासात पाण्यात ढवळा. पाणी गढूळच राहिलं तर ती वाळू नको. क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, वापरायची वेळ आली तर भुकटी धुऊन काढलेलीच घ्या, कारण तिचे कण टोकदार असतात आणि भुकटीसकट ती घट्ट बसते.

मापासाठी: १०० बाय ६४ मीटरचं फुटबॉल मैदान म्हणजे साधारण ६३ गुंठे. चौरस मीटरला १०० भोकं भरायला सुमारे चार ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) वाळू लागते, ४०० भोकांना सोळा ब्रास. म्हणूनच बहुतेकांना आधी दोन्ही गोल आणि मध्य एवढंच करा असं सांगतो. वाळूचा जाड थर गवतावर पसरून ठेवू नका. वाळू आणि काळी माती यांच्या सांध्यावर पाणी अडतं आणि मुळं वाळूतच राहतात.

१०. वर्षात कधी आणि किती वेळा?

हरळी उन्हाळी गवत आहे. ती जोमात वाढत असेल तेव्हा भोकं पाडली तर जखम लवकर भरते. कृष्णाकाठी दोन वेळा चांगल्या: फेब्रुवारीअखेर ते मार्च, जेव्हा थंडी संपून गवत उठतं आणि पाणी द्यायची सोय असते, आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, जेव्हा पाऊस ओसरून वाफसा येतो. डिसेंबर-जानेवारीत टाळा. तेव्हा हरळी झोपलेली असते आणि उघड्या भोकांत तणच आधी रुजतं.

माण, खटाव, आटपाडी, जतकडे पाऊसच कमी आणि त्यातलाही बराचसा परतीचा. तिथे त्या पावसानंतर एकदाच करा. महाबळेश्वर-जावळीच्या तांबड्या मातीत निचरा मुळातच बरा असतो. तिथे धो धो पाऊस थांबून उन्हं पडेपर्यंत वाट पहा.

संपूर्ण मैदानाला वर्षातून एक-दोनदा पुरे. गोलसमोर तीन-चारदा करावं लागतं.

११. नंतर मैदान किती दिवस बंद ठेवायचं? खत काय द्यायचं?

पोकळ दात्यांचं काम असेल तर दोन-तीन आठवडे. भरीव असेल तर दोन-चार दिवसांत खेळता येतं. त्याच दिवशी हलकं पाणी द्या, कारण भोकांच्या कडेची मुळं उघडी पडलेली असतात. आठवड्याने गुंठ्याला साधारण एक किलो युरिया कोरड्या पानांवर सारखा पसरून लगेच पाणी. त्याहून जास्त नको. पूर्ण कुजलेलं, चाळलेलं शेणखत वाळूबरोबर थोडं मिसळलं तर उत्तम. कच्चं शेणखत टाकाल तर अख्ख्या शिवारातलं तण मैदानात याल घेऊन.

१२. बाहेर आलेल्या मातीच्या कांड्यांचं काय करायचं?

वाळू भरणार असाल तर झाडून उचला आणि मैदानाबाहेरच्या खड्ड्यांत टाका. वाळू भरणार नसाल तर एक-दोन दिवस सुकू द्या, अर्धवट वाळल्या की ओलं गोणपाट किंवा काटेरी फांदी ओढून फोडा. पूर्ण वाळलेल्या काळ्या कांड्या फुटत नाहीत, पायाला टोचतात.

१३. त्यापेक्षा एकदाच रोटर मारून नव्याने गवत लावलं तर?

माती चांगली असेल तर नको. रोटर वरची माती पीठ करतो आणि पात्यांच्या खाली गुळगुळीत कडक थर सोडतो. पहिल्या पावसात ते पीठ पुन्हा बसतं. मैदान इतकं उंचसखल असेल की खेळणं धोक्याचं आहे, किंवा खाली पाइप टाकून निचरा करायचाच आहे, तेव्हाच नव्याने करा, आणि मग किमान एक पूर्ण पावसाळा गवताला द्या.

१४. क्रिकेटच्या खेळपट्टीवरही भोकं पाडायची का?

हंगामात अजिबात नाही. खेळपट्टीची माती मुद्दामच दाबलेली असते, चेंडूची उसळी त्या घट्टपणातून येते. हंगाम संपल्यावर, गवत पुन्हा वाढवायचं असेल तेव्हा बारीक भरीव दात्याने भोकं पाडता येतात. ती भरायची ती खेळपट्टीच्याच मातीने. तिथे वाळूचा कणही नको, कारण वाळूच्या जागी खेळपट्टी फुटते आणि चेंडू धोकादायक उडतो. आउटफिल्डला वाळू भरताना खेळपट्टीवर ताडपत्री टाका.

१५. कबड्डी आणि खो-खोच्या मातीच्या मैदानाला हे लागू आहे का?

नाही, तिथे गवतच नसतं. ती मैदानं उकरून, चाळून, पाणी मारून पुन्हा बसवायची. तालमीतला हौदा रोज फावड्याने उकरतात ते पहा. मऊ मातीची किंमत आपल्या भागातल्या पैलवानांना कुणी शिकवावी लागत नाही.

१६. उन्हाळ्यात काळ्या मातीला हातभर भेगा पडतात. मग हवा आपोआप जात नाही का?

खोलवर जाते, आणि फुगणं-आकसणं ही काळ्या मातीची स्वतःला मोकळं करण्याची रीतच आहे. पण दोन भेगांमधला वरचा थर तसाच चेपलेला राहतो, आणि गवताची बहुतेक मुळं तिथेच असतात. शिवाय भेगेत पाय अडकून घोटा मुरगळतो. उन्हाळी शिबिर असेल तर पाणी देऊन भेगा पडूच देऊ नका. पडल्याच तर त्याच मैदानाची चाळलेली माती भरा.

१७. पुराचं पाणी मैदानात आलं होतं. आता गवत पिवळं पडलंय. भोकं पाडू का?

आधी गाळ. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांनी सांगली परिसराला हे चांगलंच शिकवलं आहे. हरळी चिवट असते, काही दिवस पाण्याखाली तग धरते. मारतो तो मागे राहिलेला बारीक गाळ, जो वाळून पापडासारखा बसतो आणि हवा बंद करतो. गाळ बोटभर किंवा जास्त असेल तर चिखल थोडा आवळल्यावर फावड्याने खरवडून मैदानाबाहेर काढा. पातळ असेल तर पाण्याच्या जोराने धुऊन पानं मोकळी करा. त्यानंतर वाफशावर पोकळ दात्यांनी भोकं, उरलेला थर पार करून खालच्या जुन्या मातीपर्यंत. गाळ रोटरने आत मिसळायचा मोह होतो. करू नका. या कामात गमबूट आणि हातमोजे हवेतच: पुराच्या पाण्यात गटाराचं पाणी असतं आणि लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या आजाराची) भीती असते. पायाला जखम असलेल्या पोराला या कामाला लावू नका.

गवत पिवळं असण्याचं कारण क्षारही असू शकतं. मिरज, वाळवा, पलूस, तासगावकडे क्षारपड आणि चोपण जमीन पुष्कळ आहे. पृष्ठभागावर पांढरा थर दिसला किंवा ओली माती साबणासारखी लागली तर माती परीक्षण करून घ्या. जिप्समचा उपयोग चोपण जमिनीत होतो, जिथे सोडियममुळे मातीचे कण सुटून पाणी अडतं. पायांनी चेपलेल्या साध्या मातीवर जिप्सम टाकून काही होत नाही. जीवामृताचंही (शेण-गोमूत्राच्या आंबवलेल्या द्रावणाचंही) तेच: जिवाणूंनाही आधी हवा लागते, म्हणून भोकं आधी, जीवामृत नंतर. आणि मुळात मैदानाखालचं पाणी वर आलेलं असेल तर भोकांनी भागत नाही, शेतात टाकतात तसे सच्छिद्र पाइप टाकून निचराच करावा लागतो.

दाता दोन इंचांवरच खणकन अडत असेल तर खाली मुरूम दाबलेला आहे. पुष्कळ मैदानं मुरूम पसरून, वर बोटभर माती टाकून केलेली आहेत. तिथे पोकळ दाते मोडतात. पहारीने ठिकठिकाणी खोल भोकं पाडा आणि दर वर्षी चाळलेली माती अर्धा इंच चढवत जा.

१८. गावचा कार्यक्रम मैदानावरच होतो. नाही म्हणता येत नाही. काय करू?

तारीख पावसाची नको एवढं तरी ठरावात लिहून घ्या. मोठ्या पावसानंतर वाफसा येईपर्यंत ट्रक, क्रेन, टँकर आत नाही. गाडी आणावीच लागली तर एकाच वाटेने, जाड फळ्या टाकून, आणि ती वाट गवताच्या कडेने. मांडवाच्या खांबांच्या खड्ड्यांत राहिलेला मुरूम आणि खिळे दुसऱ्याच दिवशी काढून घ्या. नंतर ती वाट सळईने तपासा. चाकांनी दबलेली माती पायांपेक्षा खोल दबते, तिथे फोर्क किंवा पहार लागते.

१९. भरतीची पोरं रोज पहाटे कडेकडेने धावतात, तिथे गवत उरलंच नाही. त्यांना बंदी घालावी का?

नाही. मैदान त्यांचंच आहे, आणि त्यातल्या कित्येकांना दुसरी जागाच नाही. धावायची वाट हलती ठेवा. फक्कीने कडेपासून एक पट्टा आखून द्या, दर पंधरा दिवसांनी तो दोन मीटर आत किंवा बाहेर सरकवा आणि सुटलेल्या पट्ट्यात वाफसा येताच भोकं पाडा. पोरांना कारण सांगितलं की ती स्वतःच दांडा हातात घेतात. एका ठिकाणी तर धावून झाल्यावर प्रत्येकाने वीस दाब द्यायचे असं त्यांनीच ठरवलं, आणि पुढच्या पावसाळ्यात त्या पट्ट्यावर पाणी साचलं नाही.